आईच्या नावासमोर परक्या बाईचा फोटो

आईने शिक्षिकेच्या पगारातून पैसे बाजूला टाकत मावळ तालुक्यात पाच गुंठ्यांचा एक बिगरशेती प्लॉट घेतला होता. तो तिच्या नकळत, तिच्याच नावाने, भलत्याच कुणीतरी विकून टाकला. आई धडधाकट आहे, मूळ खरेदीखत घरच्या कपाटात आहे, आणि तरीही तिने हा प्लॉट विकल्याचा दस्त रजिस्ट्रार ऑफिसात रीतसर नोंदवलेला आहे, हे पचवायला आम्हाला वेळ लागला. त्या दिवसांत कुणीतरी समोर बसवून सांगायला हव्या होत्या अशा कितीतरी गोष्टी आम्हाला तुकड्यातुकड्याने कळल्या. काही आमच्या वकीलबाईंनी सांगितल्या, काही एखाद्या भल्या कारकुनाने, काही कचेरीच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने. त्या इथे एकत्र मांडते आहे. प्रत्येकाची फसवणूक निराळी असते, त्यामुळे यातलं आपल्याला लागू पडणारं ज्याचं त्याने उचलावं.

१. आधी कागद हातात यायला हवा. शेजारच्या प्लॉटवाल्या काकांचा फोन आला, की तुमच्या जागेत कुणीतरी कुंपणाचे खांब आणून टाकलेत. सगळ्यांच्या मनात पहिला विचार आला तो तिकडे धावत जाऊन जाब विचारण्याचा. आईने मात्र सातबारा काढायला लावला. सातबाऱ्यावर नाव तिचंच होतं, पण खाली एक प्रलंबित फेरफार दिसत होता. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट नंबर टाकल्यावर सूची दोन मिळाली, त्यावरून दस्त क्रमांक कळला आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित नक्कल मिळाली. शेवटच्या पानांवर पक्षकारांचे फोटो आणि अंगठे असतात. तिथे आईचं पूर्ण नाव होतं आणि त्याच्यासमोर एका परक्या बाईचा फोटो. डोक्यावर पदर, नजर कॅमेऱ्याच्या जराशी खाली. आई ते पान बराच वेळ बघत राहिली. पुढच्या लढाईला लागणारं सगळं त्या नकलेत होतं. दस्ताची तारीख होती, आधार आणि पॅन म्हणून काय जोडलं ते होतं, पैसे कोणत्या बँकेत गेले ते होतं. आणि ‘दस्त करून देणाऱ्यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो’ असं लिहून देणाऱ्या दोघांची नावं, पत्ते आणि फोटोसुद्धा होते. जागेवर जाऊन भांडलो असतो तर यातलं काही हाती लागलं नसतं.

२. दस्त नोंदवला गेला म्हणून मालकी जात नाही. हे कळलं त्या रात्री आई पहिल्यांदा नीट झोपली. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क पाहतो, हजर असलेल्यांची ओळख आणि कबुली नोंदवतो. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा तो करत नाही. कायद्याचं मूळ तत्त्व असं, की जे आपलं नाहीच ते दुसऱ्याला देता येत नाही. तोतयाने दिलेल्या खरेदीखतातून घेणाऱ्याला हक्क मिळत नाही, मग त्याने पैसे खरे मोजलेले असले तरी. सातबाऱ्याचंही तसंच. ती महसुलाची नोंद आहे, उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते, पण मालकी तिने निर्माण होत नाही. या दिलाशाला एक दुसरी बाजू आहे. एकदा नोंदवलेला दस्त दुय्यम निबंधकाला रद्द करता येत नाही. आम्ही त्यांच्या टेबलासमोर उभं राहून कितीही विनवण्या केल्या असत्या तरी त्यांच्या हातात ते नव्हतं. तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा.

३. एका कचेरीत सगळं होत नाही. आम्हाला वाटलं होतं, पोलिसांत गुन्हा दाखल झाला की बाकीचं आपोआप मार्गी लागेल. तसं घडत नाही. पोलीस गुन्हेगाराला पकडतील, पण दस्त रद्द करणार नाहीत. दिवाणी न्यायालय दस्ताचा निकाल लावेल, पण तोतयाला शोधायला जाणार नाही. आणि तलाठी भाऊसाहेब फेरफार थांबवू शकतील, पण मालक कोण हे ठरवणार नाहीत. महसूल, पोलीस आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी जावं लागलं. एकाच्या निकालाची वाट बघत दुसरीकडे थांबलो असतो तर मधल्या काळात नोंद मंजूर झाली असती आणि जागा कदाचित पुढेही विकली गेली असती. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत एका कागदावर तीन रकाने आखले आणि कुठे काय मागायचं ते लिहून दिलं. तो कागद अजूनही फाइलच्या वरच आहे.

४. मुदती आपल्या दुःखासाठी थांबत नाहीत. खरेदीखताची नोंद धरली की नमुना नऊची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. आमच्या बाबतीत ती नोटीस दस्तावरच्या पत्त्यावर गेली होती, आणि तो पत्ता फसवणाऱ्यांनीच दिलेला. तरी नोंद प्रमाणित व्हायच्या आत आईची लेखी हरकत पोचली, प्रकरण तक्रारी नोंदींत गेलं आणि सर्कलसाहेबांपुढे सुनावणी लागली. ज्यांची नोंद आधीच मंजूर झालेली असते त्यांना प्रांताकडे अपील करायला साठ दिवस मिळतात. दस्ताविरुद्ध दिवाणी दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात, आणि कपट झालेलं असेल तर ती मुदत फसवणूक कळल्यापासून मोजतात. म्हणूनच ‘आम्हाला हे केव्हा आणि कसं कळलं’ या प्रश्नाला पुढे फार महत्त्व आलं. काकांचा फोन, नक्कल मिळाल्याची पावती, हरकतीची पोच, सगळं तारखेसकट आईने वहीत मांडून ठेवलं. न्यायालयात त्या वहीच्या मदतीनेच सगळा क्रम सांगता आला.

५. ‘अर्ज घेतला’ आणि ‘गुन्हा दाखल झाला’ यांत फार अंतर आहे. पोलीस ठाण्यात अर्जावर शिक्का मिळतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. खरी गोष्ट म्हणजे प्रथम खबर, तिचा क्रमांक आणि तिची मोफत मिळणारी प्रत. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर खबर नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. आर्थिक स्वरूपाच्या तक्रारीत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, पण ती अमर्याद काळ चालवता येत नाही. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात लेखी जाता येतं, तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्यांना जुनी दंडसंहिता. खरेदीखतासारखा मौल्यवान दस्त बनावट करणं हा दोन्हींत जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे. शिवाय नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली तोतयेगिरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. हे माहीत असलं की ठाण्यात बोलताना आवाज चढवावा लागत नाही. आमच्या तपासी अधिकाऱ्यांना सगळ्यात उपयोगी पडलं ते एका पानाचं टिपण: घटनाक्रम, दस्त क्रमांक, खोटं काय आणि ते खोटं असल्याचा पुरावा कोणता.

६. अंगठा खोटं बोलत नाही. नोंदणी करताना फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद कायद्यात २००१ पासून आहे, आणि ती कशासाठी आहे हे मला या प्रकरणात समजलं. बंगालमधल्या हुगळी जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट विल्यम हर्शेल यांनी १८७७ साली दस्तांवर आणि पेन्शनच्या नोंदींवर बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. तोतये उभे राहू नयेत आणि सही केलेल्याला नंतर ती नाकारता येऊ नये, हाच हेतू होता. पुढे कलकत्त्याला १८९७ मध्ये जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा कार्यालय निघालं ते गुन्हेगार ओळखण्यासाठी, पण ठशांचा सरकारी कामातला वापर आपल्याकडे दस्तांपासून सुरू झाला होता. आईचे ठसे घेतले गेले, दस्तावरच्या ठशांशी ते जुळले नाहीत, आणि ‘सही माझी नाही’ या तिच्या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला. ती फोटोतली बाईही सापडली. कुठे बसायचं, काय म्हणायचं हे पढवून तिला थोडे पैसे देण्यात आले होते, असं तिने जबाबात सांगितलं. घरकाम करून पोट भरणारी होती. ते ऐकल्यावर माझा राग कुठे ठेवावा हे मला कळेना. आई एवढंच म्हणाली, “तिला ज्यांनी तिथे बसवलं, त्यांना सोडायचं नाही.”

७. समोरचा खरेदीदार आपला शत्रू असेलच असं नाही. आमच्या प्लॉटवर खांब टाकणारे गृहस्थ निवृत्तीचे पैसे घालून बसलेले निघाले. पहिल्या भेटीत दोन्हीकडे आवाज चढले. दुसऱ्या भेटीत त्यांनी बँकेचा उतारा पुढे ठेवला, आणि पैसे खात्यातून पुढे कुठे वळवले गेले याचा धागा तपासाला त्यातूनच मिळाला. कायद्याने त्यांना दाव्यात प्रतिवादी करावंच लागलं. खरेदीखत त्यांच्या नावे असल्यामुळे त्यांना सोडून निकाल मागता येत नाही. हे त्यांना आधी समजावून सांगितलं, तेव्हा समन्स मिळाल्यावर कटुता वाढली नाही. त्यांनी स्वतःही हा व्यवहार जुळवणारा एजंट आणि त्याच्या साथीदारांविरुद्ध फिर्याद दिली. जमिनीचा हक्क आईचा आहे आणि त्यांचे पैसे फसवणाऱ्यांकडून वसूल व्हायला हवेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आज न्यायालयाच्या व्हरांड्यात ते आईला बसायला जागा करून देतात.

८. जमीन पुढे विकली जाऊ नये, याची तजवीज वेगळी करावी लागते. बनावट खरेदीखतावरून तिसऱ्याला विक्री करणं किंवा कर्ज काढणं ही या टोळ्यांची नेहमीची चाल आहे. म्हणून आम्ही वकिलांमार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. दाव्याबरोबरच तूर्तातूर्त मनाई हुकूम मागितला. दुय्यम निबंधकांना आणि खरेदीदाराच्या बँकेला लेखी कळवलं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील राहते, पण महाराष्ट्रात त्यासाठी दावा प्रलंबित असल्याची नोटीस रजिस्ट्रार ऑफिसात नोंदवावी लागते. तिला सगळे लिस पेंडन्स म्हणतात. ती नोंदवली की पुढे शोध घेणाऱ्या कुणालाही हा वाद दिसतो. दाव्यातली मागणीही नेमकी लागते. ज्याने सही केलेली आहे त्याने दस्त रद्द करून मागायचा; ज्याने सहीच केलेली नाही त्याने तो आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं. कोर्ट फीच्या संदर्भात हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केला आहे. आणि ताबा सोडायचा नाही. आईच्या नावाची पाटी, कुंपण, कर भरल्याच्या पावत्या, सगळं जागच्या जागी ठेवलं.

९. फसवणूक कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावं लागतं. ही गोष्ट बोलायला लागल्यावर बिल्डरकडून फसलेले कितीतरी जण भेटले, आणि त्यांचा मार्ग आमच्यापेक्षा वेगळा होता. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा वेळेत दिला नाही तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर आणखी दोन टक्के असा आहे. महारेराचा आदेश बिल्डरने पाळला नाही तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पण महारेराचा नोंदणी क्रमांक आहे म्हणून डोळे मिटावेत असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींना महारेराची नोंदणी मिळवण्यात आली होती. त्या पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, आणि हजारो कुटुंबांची झोप उडाली. त्या रहिवाशांनी एकत्र येऊन आपली बाजू मांडली म्हणून त्यांच्याकडे सरकारचं लक्ष गेलं. एकट्यादुकट्या तक्रारीला तेवढी धार येत नाही. बिल्डरला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत खेचायचं असेल तर कायद्यानेच एका प्रकल्पातले किमान शंभर किंवा दहा टक्के ग्राहक एकत्र यावे लागतात.

१०. फसवणुकीनंतर मदतीच्या नावाने दुसरी फसवणूक दारात येते. गुन्हा दाखल झाल्याची बातमी पसरली आणि फोन सुरू झाले. कुणी म्हणे, वर ओळख आहे, एका आठवड्यात नोंद रद्द करून देतो. कुणी म्हणे, समोरच्या पार्टीशी बसून मिटवून टाका, आईंची सही तेवढी लागेल. या दुसऱ्या प्रकाराने मला जास्त भीती वाटली, कारण आईने तसल्या कागदावर सही केली असती तर खोट्या दस्ताला खऱ्या सहीचं बळ मिळालं असतं. तेव्हापासून घरात एक नियम आहे. वकीलबाईंनी वाचल्याशिवाय कुठेही सही नाही, पावतीशिवाय कुणाला पैसे नाहीत, आणि मूळ कागद कुणाच्याही हातात नाहीत. दाखवायच्या त्या नकला.

११. लाज ज्याची त्याच्याकडे ठेवावी. पहिले काही आठवडे आई नातेवाइकांचे फोन घेत नव्हती. “तुमचं लक्ष नव्हतं का?” हा प्रश्न आपुलकीने विचारलेला असला तरी बोचतो. रिकामे प्लॉट, एकटे राहणारे म्हातारे मालक, मुलं परदेशात असलेली घरं फसवणारे हेरून निवडतात, आणि त्यासाठी लागणारी सगळी माहिती त्यांना सरकारी उताऱ्यांवरच मिळते. यात मालकाने खाली मान घालावी असं काय आहे? आईने ज्येष्ठ नागरिक संघात उभं राहून सगळी हकिकत सांगितली, त्या दिवशी तिचा आवाज परत आला. सभा संपल्यावर दोघं जण तिच्याजवळ आले. एकाच्या तोंडी त्याच एजंटचं नाव होतं. पुढे ते तपासात साक्षीदार झाले.

१२. दावा घराबाहेर ठेवता आला तरच माणूस टिकतो. दिवाणी दावे लांबतात; तारखा पडतात, न्यायाधीश बदलतात. मनाई हुकूम मिळाला आहे, निकाल यायचा आहे. आईचं वय लक्षात घेऊन तिची साक्ष लवकर नोंदवून घ्यावी असा अर्ज वकीलबाईंनी केला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोय आहे, आणि वय झालेल्या प्रत्येक वादीने ती मागावी असं मला मनापासून वाटतं. उलटतपासणीत आई डगमगली नाही. उद्या काही झालं तरी तिचं म्हणणं तिच्या शब्दांत दप्तरात आहे. निकाल आमच्या बाजूने लागला तर न्यायालय त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडे पाठवेल आणि त्या बनावट दस्ताच्या नोंदीवर तसा शेरा पडेल. तोवर दाव्याचं बोलणं आम्ही रविवारी सकाळी करतो. बाकीचे दिवस तिच्या वाचनाचे, फिरण्याचे आणि नातवंडांचे. संघातलं कुणीतरी मधूनच उतारा घेऊन येतं, तेव्हा मात्र तिला वार लागत नाही. चष्मा लावून ती आधी प्रलंबित फेरफाराचा रकाना बघते, मग नाव, मग क्षेत्र. काही वावगं दिसलं तर वही पुढे करून म्हणते, “आजची तारीख लिहा, आणि उद्या नक्कल काढायला जा. मी येते बरोबर.”